भंगार कोणाला म्हणता?

पनवेलच्या वडाळे तलावावर सकाळी फिरायला जाणारी आमची सात-आठ निवृत्तांची टोळी आहे. फिरणं नावापुरतं, बाकावर बसून जगाचा न्यायनिवाडा करणं हे खरं काम. तर मागच्या आठवड्यात विषय निघाला इस्रोचा. रॉकेटचा वापरून झालेला भाग इस्रो फेकून न देता त्यावर विद्यार्थ्यांची उपकरणं बसवते, हौशी रेडिओवाल्यांचीसुद्धा, असं मी सांगत होतो. एक गृहस्थ (सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले) मान हलवत म्हणाले, "म्हणजे सर, अंतराळातसुद्धा आपलं भंगारच का? अमेरिका नवीन पाठवते आणि आपण रिकामे डबे वापरतो!" त्यावर दुसरे खूश होऊन म्हणाले, "अहो, यालाच जुगाड म्हणतात. जगात आपला हात कोण धरणार!"

मंडळी, मला दोघांचाही राग आला. पहिल्याचा आला हे तुम्हाला समजेल. दुसऱ्याचा का आला, ते सांगण्यासाठी हा लेख.

मी पडलो मराठीचा मास्तर. बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातून. विज्ञान माझा विषय नव्हे. पण शाळेत कार्यानुभवाचा तास अनेक वर्षं माझ्या गळ्यात होता, कारण तो घ्यायला कोणी तयार नसे. 'टाकाऊतून टिकाऊ' हा त्यातला ठरलेला धडा. काड्यापेटीचा सोफा, नारळाच्या करवंटीचा दिवा, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. मुलं करायची (बहुतेक वेळा त्यांच्या आया करायच्या), आम्ही मार्क द्यायचो आणि वर्षअखेरीला ते सगळं पुन्हा टाकाऊ होऊन कचऱ्यात जायचं. या धड्याचा खरा अर्थ मला सत्तरी ओलांडल्यावर कळला, आणि तो कळवला एका रॉकेटच्या चौथ्या टप्प्याने.

आधी ते काय आहे ते माझ्या भाषेत सांगतो. पीएसएलव्ही या रॉकेटला चार टप्पे असतात. पहिले तीन आपापलं इंधन जाळून गळून पडतात. चौथा टप्पा उपग्रहाला कक्षेत नेऊन सोडतो आणि स्वतःही तिथेच फिरत राहतो. त्याचं काम संपलेलं असतं. पूर्वी तो तसाच भटकत राहायचा, म्हणजे पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण वाटेत मात्र अडथळा! इस्रोने विचार केला की हा एवढा मोठा सांगाडा वर पोचलाच आहे, तिथवर नेण्याचा खर्चही होऊन गेला आहे, तर याच्याकडून आणखी काही काम का घेऊ नये? १ एप्रिल २०१९ ला पीएसएलव्ही-सी४५ च्या चौथ्या टप्प्यावर तीन उपकरणं बसवली होती, त्यातलं एक 'अ‍ॅमसॅट इंडिया' या हौशी रेडिओवाल्यांच्या संस्थेचं. पुढे ३० जून २०२२ ला या कल्पनेला 'पोएम' असं नाव मिळालं. इंग्रजीत त्याचा अर्थ कविता होतो, हे या मराठीच्या मास्तरला आवडलं नसतं तरच नवल.

आता पहिल्या गृहस्थांच्या 'रिकाम्या डब्या'बद्दल. रिकामा डबा अंतराळात नुसता सोडला तर तो गडगडत राहतो. त्याची तोंडं कुठे, पाठ कुठे, काही ठिकाण राहत नाही. असल्या गडगडणाऱ्या वस्तूवरून ना नीट वीज मिळते, ना नीट बोलता येतं. म्हणून पोएमच्या टाकीभोवती सौरपट्ट्या लावल्या, लिथियमची बॅटरी दिली, सूर्य कुठे आहे ते पाहणारे संवेदक दिले, चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र दिलं आणि स्वतःला सावरून धरायला हेलियम वायूचे छोटे झोत दिले. एवढं सगळं करायचं आणि तेही मुख्य उपग्रहाच्या कामाला धक्का न लावता! याला जो भंगार म्हणेल त्याने भंगार पाहिलेलं नाही, आणि याला जो जुगाड म्हणेल त्याने काम पाहिलेलं नाही.

जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. पंख्याला दोरी बांधणं, फ्यूजच्या जागी तार घालणं. ते आज चालतं आणि उद्या घर जाळतं. आपल्या हुशारीला आपणच हे नाव देतो आणि वर अभिमानाने मिरवतो, याचं मला फार वाईट वाटतं. बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचा तो फोटो तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. 'अ‍ॅपल' उपग्रहाचा, १९८१ सालचा. फोनवर फिरताना त्याखाली लिहिलेलं असतं, "गाडी घ्यायला पैसे नव्हते, तरी जिंकलो!" अहो, तसं नव्हतं ते. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती आणि आजूबाजूला धातू असला की मोजमाप बिघडतं. लाकडी बैलगाडी म्हणूनच निवडली. ती गरिबीची खूण नव्हती, विचारपूर्वक निवडलेलं साधन होतं. आमचं पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं होतं. लहानपणी मी सुतारांना चाकावर तापलेली धाव चढवताना पाहिलं आहे. धाव किती तापवायची आणि केव्हा पाणी ओतायचं, हे ज्याला अचूक कळतं त्याला जुगाडू म्हणाल का? कारागीरच म्हणाल ना?

बरं, हे फक्त आपणच करतो असंही नाही. 'अमेरिका नवीन पाठवते' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. जगातला पहिला हौशी उपग्रह ऑस्कर-१, १२ डिसेंबर १९६१ ला वर गेला तो अमेरिकेतूनच. कसा गेला? तिथल्या सैन्याच्या रॉकेटवर तोल साधण्यासाठी काही वजनं बसवलेली असत. निव्वळ मृत वजन! हौशी मंडळी म्हणाली, त्या वजनाच्या जागी आमचं खोकं न्या की. साडेचार किलोच्या आसपासचं ते खोकं, त्यांनी आपापल्या घरी, फावल्या वेळात बनवलेलं. ते तीन आठवडे मोर्स लिपीत एकच शब्द पाठवत होतं, "हाय". पण गंमत पुढे आहे. खोक्याचं तापमान वाढलं की 'हाय' भरभर यायचं, कमी झालं की सावकाश. म्हणजे ज्याच्याकडे रेडिओ आणि हातात घड्याळ, तो घरबसल्या अंतराळातल्या वस्तूचं तापमान मोजू शकत होता. २८ देशांतल्या साडेपाचशेहून जास्त माणसांनी ते ऐकून नोंदी पाठवल्या. मला सांगा, यापेक्षा चांगला विज्ञानाचा तास कोणत्या शाळेत झाला असेल?

फेब्रुवारी २००६ मध्ये तर अंतराळ स्थानकावरून चक्क एक जुना रशियन अंतराळपोशाख बाहेर ढकलून दिला होता. पोशाखाची मुदत संपली होती. त्यात जुने कपडे कोंबले, एक रेडिओ आणि बॅटऱ्या बसवल्या, मुलांच्या आवाजातले निरोप भरले आणि दिला सोडून. बुजगावणंच म्हणा ना! त्याचा आवाज फार क्षीण निघाला, बऱ्याच जणांना वाटलं बंदच पडला. पण जगभरची माणसं कान लावून बसली आणि तो क्षीण आवाज त्यांनी पकडलाच.

आता आपल्याकडे या. ५ मे २००५ ला पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ हा मोठा उपग्रह नेला, आणि उरलेल्या जागेत, उरलेल्या वजनात ४२.५ किलोचा हॅमसॅट नेला. हौशी रेडिओवाल्यांसाठी भारताचा पहिला उपग्रह. आयुष्य धरलं होतं दोन वर्षांचं, चालला नऊ वर्षांहून अधिक, जुलै २०१४ पर्यंत. कुठल्याही देशातला परवानाधारक माणूस, एक पैसा न देता, त्याच्यामार्फत दुसऱ्या देशातल्या माणसाशी बोलू शकत होता.

या तारखेशी माझी एक आठवण जोडली गेली आहे. २६ जुलै २००५. हॅमसॅट वर जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्या दिवशीचा पाऊस पनवेलकरांना सांगायला नको. गाढी नदी फुगलेली, वीज गेलेली, माझी मुलगी कामासाठी मुंबईत आणि फोन मुका. मोबाइल त्याहून मुका. ती रात्र आम्ही दोघांनी दारात बसून काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चालत, चिखलाने भरलेली घरी आली. फार नंतर मला कळलं की त्या रात्रीही आपलाच उपग्रह साधारण दीड-पावणेदोन तासांत पृथ्वीला एक फेरी घालत होता. तो बोलायला तयार होता. पण माझ्या ओळखीच्या एकाही घरात, आणि मी ज्या शाळेत जन्म घालवला त्या शाळेतही, त्याच्याशी बोलू शकणारं कोणी नव्हतं. त्याने माझी मुलगी लवकर घरी आली असती असं मी म्हणत नाही. पण एखादा निरोप पलीकडे गेला असता का, हा प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

म्हणून "मोबाइल असताना हे हौशी रेडिओचं थोतांड कशाला?" असं कोणी म्हटलं की मी चिडतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा भारती प्रसाद या हौशी रेडिओवाल्या बाई योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होत्या. त्यांच्या रेडिओवरून अंदमानच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत गेले. मोबाइल ही सोय आहे, ती विकत मिळते. रेडिओ येणं ही विद्या आहे, ती शिकावी लागते. सोय बंद पडते तेव्हा विद्या कामाला येते.

आणि आता आमच्या मुंबईचं. १ जानेवारी २०२४ ला पीएसएलव्ही-सी५८ गेलं. त्याच्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे पोएम-३ वर, शीवच्या के. जे. सोमय्या तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी केलेलं 'बिलीफसॅट-०' हे हौशी रेडिओचं उपकरण होतं. सकाळी लोकलला लटकून कॉलेजात जाणारी पोरं! त्यांचं काम रॉकेटच्या जुन्या टप्प्यावर बसून पृथ्वीभोवती फिरून आलं. पुढच्या खेपेला, ३० डिसेंबर २०२४ ला, पोएम-४ वर एकूण २४ उपकरणं होती. त्यात चिक्कबळ्ळापूरच्या एका अभियांत्रिकी कॉलेजाचं हौशी रेडिओचं उपकरण होतं. पुण्याच्या एका विद्यापीठाचंही काम होतं. अंतराळात चवळीला मोड आले म्हणून सगळ्यांनी एकमेकांना फोटो पाठवले, ते याच फेरीतले. पण त्याच पोएम-४ वर पालकाच्या पेशींची वाढ पाहणारा एक प्रयोग होता आणि तो अ‍ॅमिटी विद्यापीठाच्या मुंबई केंद्राचा, म्हणजे आपल्या पनवेलजवळच्या भाताणचा, हे आमच्या बाकावर एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, नातवाने सांगितलं. पुण्याला जाताना त्यावरून आपण शेकडो वेळा गेलो असू.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. अंतराळात आधीच कचरा झालाय, त्यात ही भर कशाला? बरोबर आहे. हौशी उपग्रहसुद्धा मेल्यावर कचराच होतात. पण म्हणूनच तर वेगळा उपग्रह सोडण्यापेक्षा नाहीतरी वर जाणाऱ्या टप्प्यावर बसणं शहाणपणाचं! शिवाय पोएम-३ चं पुढे काय झालं ते पाहा. मुख्य उपग्रह ६५० किलोमीटरवर सोडल्यावर हा टप्पा मुद्दाम ३५० किलोमीटरपर्यंत खाली आणला, उरलेलं इंधन काढून टाकलं, मग प्रयोग केले, आणि २१ मार्च २०२४ ला तो वातावरणात शिरून उत्तर पॅसिफिकवर संपला. पोएम-४ सुद्धा ४ एप्रिल २०२५ ला हिंदी महासागरावर असाच संपला. नवं घेताना जुन्याची विल्हेवाट कुठे लावायची, हा विचार आपल्यापैकी किती जण घरचा टीव्ही बदलताना करतात?

"पण तीन महिनेच टिकलं ना?" असं कोणी म्हणेल. टिकलं नाही ते उपकरण. ते करताना ज्या मुलांच्या हातात सोल्डरिंगचा चटका बसला, ज्यांचं पहिलं गणित चुकलं आणि दुसरं बरोबर आलं, त्यांच्यातलं शिक्षण टिकलं. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हे.

आता माझी कबुली. ती दिल्याशिवाय मला दुसऱ्याला बोलायचा हक्क नाही.

१९८६ च्या सुमाराला नववीच्या वर्गात माझ्या तासाला एक मुलगा बाकाखाली मान घालून बसला होता. जाऊन पाहतो तर त्याच्या मांडीवर हॉर्लिक्सची बाटली, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, आणि कानाला जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरमधला गोल तुकडा. बॅटरी नाही, काही नाही, आणि तो आकाशवाणी ऐकत होता. मी ते काढून घेतलं. नुसतं घेतलं असतं तरी चाललं असतं. मी ते उंच धरून वर्गाला दाखवलं आणि म्हणालो, "याची नोकरी पक्की झाली रे, भंगारवाल्याकडे!" वर्ग हसला. त्याचे वडील खरोखरच जुनं सामान गोळा करायचे, हे मला नंतर कळलं. ती बाटली माझ्या कपाटात राहिली आणि दिवाळीच्या साफसफाईत कधीतरी गेली. त्याने पुन्हा शाळेत काही आणलं नाही. दहावीनंतर तो कुठे गेला मला माहीत नाही. भाषेच्या मास्तराने एका शब्दाने काय केलं, ते एवढंच.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका माजी विद्यार्थ्याने, त्याच्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे, मला नवीन पनवेलला त्याच्या गच्चीवर नेलं. हातात अँटेना होती, ती शिंप्याच्या नव्हे, गवंड्याच्या पोलादी टेपचे तुकडे कापून केलेली. लॅपटॉपला जोडलेला तुकडा मुळात टीव्ही पाहण्यासाठी विकला जाणारा. त्याने घड्याळ पाहिलं, कर्नाळ्याच्या सुळक्याच्या दिशेला अँटेना धरली आणि म्हणाला, "सर, आता येईल." खरखर, खरखर, आणि मग त्या खरखरीतून एक माणूस आपला सांकेतिक क्रमांक सांगत असलेला ऐकू आला. अंतराळ स्थानकावरच्या रेडिओमार्फत. सात-आठ मिनिटांत ते आवाज पुन्हा खरखरीत बुडाले. मी काही बोललो नाही. मला ती हॉर्लिक्सची बाटली आठवत होती.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे आणि ते शाळांना आहे. अंतराळ म्हणजे प्रश्नमंजूषेतला प्रश्न, 'चांद्रयान-३ कोणत्या तारखेला उतरले?', एवढ्यावर थांबू नका. एक अँटेना, एक साधा रिसिव्हर, आठवड्यातला एक तास. खर्च स्नेहसंमेलनाच्या मांडवाहूनही कमी. एका तरी शिक्षकाने परवान्याची परीक्षा द्यावी. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही त्या परीक्षेला बसता येतं. मध्यंतरी एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो होतो. तिथे प्रयोगांसाठी सुंदर खोली होती, महागडं यंत्र होतं, आणि ते अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. "मुलं खराब करतील," असं मला सांगितलं. वापरून झालेल्या टप्प्यालाही इस्रो कामाला लावते, आणि आपण कोरी करकरीत वस्तू न वापरता भंगार करून ठेवतो. भंगार म्हणायचंच असेल तर त्याला म्हणा.

माझ्या टोळीतल्या मित्रांना जाता जाता एक सांगतो. ऑस्कर-७ नावाचा हौशी उपग्रह नोव्हेंबर १९७४ मध्ये वर गेला. १९८१ मध्ये त्याची बॅटरी मेली आणि तो गप्प झाला. सगळ्यांनी त्याच्या नावाने हात धुतले. २१ वर्षांनी, २००२ मध्ये, तो अचानक बोलू लागला! बॅटरी अजून मेलेलीच, पण सौरपट्ट्यांवर ऊन पडलं की जागा होतो आणि सावलीत गेला की झोपतो. पन्नाशी ओलांडली तरी त्याच्यामार्फत माणसं बोलली आहेत.

तेव्हा आपलीही चौथा टप्प्यातली माणसं, बाकावर बसून दुसऱ्याला भंगार म्हणण्यापेक्षा ऊन आहे तोवर एखाद्या शाळेत जाऊ या. मी येत्या सोमवारपासून जातोय. तार, बाटली आणि टेलिफोनचा जुना रिसिव्हर मिळवला आहे. गुंडाळायला मात्र मला कोणीतरी नववीतला मुलगा शिकवावा लागेल.